दोन रकान्यांची वही

१७ ऑक्टोबर २००८ चा दिवस. मोहालीच्या मैदानावर चहापानानंतरचा पहिलाच चेंडू टाकण्यासाठी ऑस्ट्रेलियाचा पीटर सिडल धावत आला. हा त्याच्या आयुष्यातील पहिलाच कसोटी सामना होता. त्याचा चेंडू सचिन तेंडुलकरने थर्ड मॅनच्या दिशेने हलकेच वळवला आणि तीन धावा पळून काढल्या. वेस्ट इंडीजच्या ब्रायन लाराच्या ११,९५३ धावा त्या क्षणी मागे पडल्या. कसोटी क्रिकेटमधील सर्वाधिक धावांचा मान मराठी कवी व प्राध्यापक रमेश तेंडुलकर यांच्या मुलाकडे आला, तो मुंबईपासून फार दूर, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी. मैदानाबाहेर फटाक्यांची आतषबाजी सुरू झाली आणि तिच्या धुरात काही मिनिटे खेळ थांबून राहिला. ऑस्ट्रेलियाचे खेळाडू पुढे आले, त्यांनी तेंडुलकरचा हात हातात घेतला आणि मग खेळ पुन्हा सुरू झाला. पुढे ८८ धावांवर तेंडुलकर बाद झाला, तो त्याच सिडलच्या गोलंदाजीवर. सिडलचा तो पहिला कसोटी बळी ठरला. वहीत दोघांचीही नोंद झाली.

या प्रसंगात दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. एक म्हणजे आकड्याची ओढ, आणि दुसरी, प्रतिस्पर्ध्याच्या पराक्रमाला उभे राहून मान देण्याची रीत. क्रिकेटवर लिहिणारे बहुतेक जण यांचा विचार वेगवेगळा करतात. आकडेवारी हा हिशेबी वृत्तीचा छंद आणि प्रेक्षकाचे सौजन्य हा संस्काराचा भाग, अशी सोयीस्कर वाटणी केली जाते. तथापि क्रिकेटचा आणि त्याच्या भावंडासारख्या बेसबॉलचा इतिहास पाहिला, तर या दोहोंचा उगम एकाच वस्तूत असल्याचे ध्यानात येते. ती वस्तू म्हणजे गुणलेखकाची वही.

बेसबॉलचा आकडेवेडा अमेरिकन प्रेक्षक जगप्रसिद्ध आहे. त्याला हे वेड लावले ते हेन्री चॅडविक या वार्ताहराने. चॅडविक १८२४ साली इंग्लंडमध्ये जन्मला, लहानपणी अमेरिकेत गेला आणि न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांसाठी आरंभी क्रिकेटचे वृत्तांत लिहू लागला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बेसबॉलकडे वळल्यावर त्याने क्रिकेटच्या धावफलकाची पद्धत नव्या खेळाला जुळवून घेतली आणि सामन्याचे सार एका छोट्या चौकटीत बसवणारा तक्ता रूढ केला. सारांश, अमेरिकन चाहत्याने मांडीवर ठेवलेल्या तक्त्याची आजी क्रिकेटचीच आहे. या तक्त्याचा एक गुण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. तो एकाच संघाचा लिहिता येत नाही. आपल्या फलंदाजाने काढलेली धाव ही प्रतिपक्षाच्या गोलंदाजाने दिलेली धाव असते. एका रकान्यात भर पडली की दुसऱ्यात ती आपोआप मांडावीच लागते, आणि दोन्हींचा मेळ बसला नाही तर वही चुकली असे समजतात. जो मनुष्य अशी वही मन लावून लिहितो, त्याला प्रतिपक्ष पुसून टाकणे शक्यच नसते.

मराठी घरांत ही वही रेडिओबरोबर आली. आकाशवाणीवरून बाळ ज. पंडितांनी मराठीत धावते समालोचन रुजवले आणि निर्धाव षटक, पायचीत, यष्टिचीत हे शब्द स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले. रेडिओशेजारी बसून शाळेच्या वहीच्या मागल्या पानावर चेंडूगणिक टिंब देणारा मुलगा, हे त्या काळातील मध्यमवर्गीय घराचे ओळखीचे दृश्य होते. वि. वि. करमरकरांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मधून मराठी वृत्तपत्राच्या क्रीडापानाला प्रतिष्ठा दिली, तेव्हा त्या पानाचे वाचक असे आधीच घडलेले होते. मुंबईत आनंदजी डोसा यांनी आयुष्यभर कात्रणे, धावफलक आणि नोंदी यांचा जो संग्रह केला, त्याने भारतीय क्रिकेटला स्वतःची स्मृती दिली. डोसा २०१४ मध्ये वारले. त्यांच्यासारख्यांचे काम बखरकारापेक्षा शिलालेख उतरवून घेणाऱ्याच्या जातीचे होते. त्यात अलंकार नव्हता आणि चूक चालत नव्हती.

आकड्यांचा आस्वाद म्हणजे काय, हे पाहायचे तर बापू नाडकर्णींचा दाखला पुरे. नाशिकला जन्मलेल्या या डावखुऱ्या गोलंदाजाने जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध ३२ षटके टाकली, त्यांपैकी २७ निर्धाव, ५ धावा दिल्या आणि बळी एकही नाही. लागोपाठ १३१ चेंडूंवर धाव निघाली नाही. यात ना षटकार, ना त्रिफळा उडाल्याचा आवाज. मैदानावर तो खेळ पाहणाऱ्याला कदाचित जांभईच आली असेल. पण वहीत ते एकवीस निर्धाव षटकांचे ओळीने मांडलेले पान पाहिले की छंदाची कडक शिस्त पाळणारी जुनी रचना पाहिल्यासारखे वाटते. काही सौंदर्ये डोळ्यांना दिसत नाहीत, ती लिहूनच कळतात.

चंडीगडचा या साऱ्याशी संबंध निव्वळ योगायोगाचा नाही. ज्या नगराचे पत्तेच आकड्यांत लिहिले जातात आणि ज्याच्या मूळ आराखड्यातून तेरा हा क्रमांक तेवढा वगळला गेला, त्या नगराने संख्यांकडे पाठ फिरवणे कठीणच होते. तेथील सेक्टर १६ च्या मैदानावर देशप्रेम आझाद यांच्या देखरेखीखाली कपिल देव घडला. या मैदानाच्या वाट्याला कसोटी सामना एकच आला, नोव्हेंबर १९९० मध्ये श्रीलंकेविरुद्ध. त्यात वेंकटपती राजूने १२ धावांत ६ बळी घेतले आणि पाहुण्यांचा डाव ८२ धावांत आटोपला. त्यानंतर मोठे सामने शेजारच्या मोहालीत, म्हणजे पंजाब राज्याच्या हद्दीत गेले. पण चंडीगड आणि मोहाली यांच्यामधील सीमा नकाशावरच ठळक आहे. प्रेक्षक एकच आहे.

कपिल देवच्या कीर्तीतही आकड्याचे एक विलक्षण स्थान आहे. १८ जून १९८३ रोजी इंग्लंडमधील टनब्रिज वेल्स येथे झिंबाब्वेविरुद्ध भारताचे पाच फलंदाज १७ धावांत बाद झाले असताना कपिलने नाबाद १७५ धावा केल्या. त्या खेळीचे चित्रण उपलब्ध नाही. भारतीय क्रिकेटची दिशा बदलणारी ही खेळी आज आहे ती धावफलकावर: १३८ चेंडू, १६ चौकार, ६ षटकार. आकडेवारीला रुक्ष म्हणणाऱ्यांनी या एका उदाहरणाशी थोडे थांबावे. येथे आकडा हे वर्णनाचे परिशिष्ट नाही. मूळ संहिताच तेवढी उरली आहे, आणि पुढच्या साऱ्या आठवणी व चित्रपट ही त्या संहितेवरची टीका आहे. उलट बाजूही नोंदवली पाहिजे. फेब्रुवारी १९९४ मध्ये अहमदाबादला कपिलने ४३२ वा कसोटी बळी घेऊन रिचर्ड हॅडलीचा विक्रम मोडला, तेव्हा आकाशात ४३२ फुगे सोडण्यात आले. आकड्याची पूजा सुरू झाली की तो वहीतून उठून देव्हाऱ्यात जातो. देव्हाऱ्यात एकच मूर्ती मावते. दुसऱ्या रकान्याला तेथे जागा नसते.

याच अहमदाबादने सात वर्षांपूर्वी याहून कटू धडा दिला होता. मार्च १९८७ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीत सुनील गावसकरने दहा हजारावी धाव काढली. हा टप्पा जगात प्रथमच कोणी गाठला होता. लोक मैदानात घुसले आणि सुमारे वीस मिनिटे खेळ थांबला. येथवर हे कौतुकाचे आहे. पण त्याच सामन्यात प्रेक्षकांतून दगड आले, पाकिस्तानचा संघ मैदान सोडून गेला, आणि परतला तेव्हा सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकांनी डोक्यावर शिरस्त्राणे घातली होती. ज्या सज्जांना गावसकरच्या धावांचा एकेक आकडा पाठ होता, त्याच सज्जांसमोर पाहुण्यांना फलंदाजाची टोपी घालून क्षेत्ररक्षण करावे लागले. आकड्यांचे ज्ञान माणसाला सभ्य करते, हा भाबडा समज येथे गळून पडतो. गावसकरचा आकडा त्या प्रेक्षकाला ठाऊक होता, पण त्याची वही एका रकान्याची होती.

प्रेक्षकाच्या वर्तनाचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात सत्ताविसावा अध्याय प्रयोगाच्या सिद्धीला वाहिलेला आहे. नटाच्या आनंदात जो आनंदतो आणि शोकात शोक पावतो, तो खरा प्रेक्षक, असे तेथे मानले आहे. सिद्धीचे दोन प्रकार तो अध्याय सांगतो. हसू, साधुकार, रोमांच, आसनावरून उठणे आणि वस्त्रे वा अंगठ्या फेकणे ही मानुषी सिद्धीची चिन्हे. रंगमंदिर पूर्ण भरलेले आहे आणि तरीही ना आवाज, ना क्षोभ, ही दैवी सिद्धी. शिवाय प्रयोगाचे गुणदोष पारखणारे प्राश्निक असत, म्हणजे निवाडा हा केवळ टाळ्यांवर सोपवलेला नव्हता. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाने ‘वन्स मोअर’ची आरोळी जितक्या उत्कटतेने दिली, तितक्याच कठोरपणे बेसूर तान घरी जाऊन मोजली. त्या रसिकाचा नातू पुढे ब्रेबर्नच्या आणि वानखेडेच्या सज्जात जाऊन बसला, हे ध्यानी घेतले तर मुंबईच्या प्रेक्षकाची दाद आणि त्याची चिकित्सा यांचे एकत्र नांदणे विचित्र वाटत नाही.

याच वानखेडेवर जानेवारी १९७५ मध्ये, तेथील पहिल्याच कसोटीत, वेस्ट इंडीजचा कर्णधार क्लाइव्ह लॉइड याने द्विशतक पूर्ण केले. एक प्रेक्षक त्याचे अभिनंदन करायला मैदानात धावला. प्रतिपक्षाच्या कर्णधाराला, लक्षात घ्यावे. पोलिसांनी त्याला मारहाण केली आणि ती पाहून सज्जे पेटले. त्या दिवशीचे अखेरचे सत्र वाया गेले. जाळपोळीचे समर्थन कोणी करू नये. पण दंगलीच्या मुळाशी परक्याच्या दोनशे धावांचे कौतुक होते, अशी दंगल क्रिकेटच्या इतिहासात विरळाच.

मोहालीचा प्रेक्षक याच्या तुलनेत नवखा. कसोटीच्या दिवसांत तेथील सज्जे क्वचितच भरून वाहतात. झटपट सामन्यांना मात्र ढोल घेऊन गर्दी लोटते. मार्च १९९६ मध्ये विश्वचषकाचे दोन उपांत्य सामने लागोपाठच्या दिवशी झाले. १३ तारखेला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर श्रीलंकेविरुद्ध भारताची अवस्था ८ बाद १२० झाली, तेव्हा सज्जांतून बाटल्या आल्या, आगी लागल्या, आणि सामनाधिकारी लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. तोच लॉइड, ज्याच्या द्विशतकासाठी मुंबईचा प्रेक्षक धावला होता. १४ तारखेला मोहालीत ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीज समोरासमोर होते. २ बाद १६५ वरून वेस्ट इंडीजचे आठ गडी ३७ धावांत गेले आणि ऑस्ट्रेलिया पाच धावांनी जिंकली. दोन परक्यांचा असा थरार पंजाबी प्रेक्षकाने शेवटच्या षटकापर्यंत पाहिला. यावरून मोहालीला सभ्य आणि कोलकात्याला असभ्य ठरवणे अन्यायाचे होईल, कारण मोहालीत त्या दिवशी स्वतःचे हरण्यासारखे काही नव्हते. सौजन्याची परीक्षा आपला रकाना रिकामा राहतो तेव्हाच होते.

ती परीक्षा मोहालीला मार्च २००५ मध्ये द्यावी लागली. पाकिस्तानचा संघ कसोटीसाठी आला आणि त्याच्यामागून वाघा ओलांडून हजारो पाकिस्तानी प्रेक्षक आले. चंडीगडच्या अनेक कुटुंबांनी त्यांना घरात ठेवून घेतले. फाळणीनंतरच्या पंजाबात या पाहुणचाराला जो अर्थ होता, तो क्रिकेटच्या भाषेत सांगून संपत नाही. लाहोर सोडून आलेल्यांसाठीच तर ही नवी राजधानी उभारली गेली होती. त्या सामन्यात भारताने ५१६ धावा केल्या, सेहवागच्या १७३. तेंडुलकरने आदल्या डिसेंबरात ढाक्याला ३४ वे शतक काढून गावसकरची बरोबरी केली होती. आणखी एक शतक झाले की तो एकटाच पुढे जाणार होता. मोहालीत तो ९४ वर बाद झाला. सहा धावांचे हे अंतर त्या दिवशी भारतातल्या लहान मुलालाही ठाऊक होते. दुसऱ्या डावात पाकिस्तान संकटात असताना कामरान अकमल (१०९) आणि अब्दुल रझाक (७१) यांनी सातव्या गड्यासाठी १८४ धावा जोडल्या आणि भारताच्या हातातला सामना अनिर्णित राखला. यजमानांचा विक्रम हुकला, विजयही हुकला. वहीच्या एका रकान्यात दोन निराशा, दुसऱ्यात एक शतक आणि एक भागीदारी. आणि रात्री ज्यांच्या घरी जेवायचे त्या यजमानांबरोबर बसून पाहुण्यांनी दोन्ही रकाने वाचले असतील. चेन्नईच्या प्रेक्षकाने जानेवारी १९९९ मध्ये बारा धावांनी झालेला पराभव गिळून पाकिस्तानी संघाला उभे राहून मानवंदना दिली, तिची कीर्ती रास्त आहे. मोहालीचे सौजन्य कमी दृश्य होते. ते सज्जांतून बाहेर पडून सेक्टरांतल्या घरांत गेले, म्हणून कदाचित कमी लिहिले गेले.

आकडा आणि रीत यांची सर्वांत कठीण गाठ मात्र महाराष्ट्रातच पडली, पुणे क्लबच्या मैदानावर, डिसेंबर १९४८ मध्ये. त्याच वर्षीच्या ऑगस्टात लंडनच्या ओव्हल मैदानावर डॉन ब्रॅडमनचा अखेरचा कसोटी डाव शून्यावर संपला होता. इंग्लंडच्या खेळाडूंनी त्याला तीनदा जयजयकार करून मान दिला आणि दुसऱ्याच चेंडूवर हॉलीसने त्याचा त्रिफळा उडवला. चार धावा झाल्या असत्या तर सरासरी शंभर भरली असती, ती ९९.९४ वर थांबली. मान देऊन झाल्यावर चेंडू मात्र खराच टाकायचा, हा त्या खेळाचा धर्म होता. पुण्यात चार महिन्यांनी वेगळेच घडले.

रणजी करंडकाच्या सामन्यात काठियावाडचा संघ २३८ धावांत बाद झाला. महाराष्ट्राच्या डावात कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळायला आले आणि खेळतच राहिले. कमल भांडारकरांबरोबर (२०५) त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी केली. ४९४ मिनिटांत ४९ चौकार आणि एक षटकार. तिसऱ्या दिवशीच्या मध्यंतरात निंबाळकर ४४३ वर नाबाद होते आणि महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या. ब्रॅडमनने १९३० मध्ये सिडनीला केलेल्या नाबाद ४५२ धावांचा जागतिक विक्रम नऊ धावांवर होता. मध्यंतरानंतर एक-दोन षटकांचाच प्रश्न होता. पण काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी पुढे खेळण्यास नकार दिला आणि सामना सोडून दिला. विक्रम होताच डाव घोषित करू, असे महाराष्ट्राच्या बाजूने सुचवले गेले, तेही मान्य झाले नाही, असे सांगतात. ज्या संघाविरुद्ध हा विक्रम झाला त्याचे नाव कायमचे पुस्तकांत राहील, ही बोच त्या नकारामागे होती, असे निंबाळकर उत्तरायुष्यात सांगत.

या प्रसंगाचा निवाडा महाराष्ट्रात पूर्वीच होऊन गेला आहे: ठाकूरसाहेबांनी खिलाडूवृत्ती सोडली. निवाडा मुळात चुकीचा नाही. हरणाऱ्याने अखेरपर्यंत चेंडू टाकत राहावे, हीच त्या खेळाची रीत आहे, आणि हॉलीसने ती याच वर्षी पाळून दाखवली होती. पण वहीचा दुसरा रकानाही पाहिला पाहिजे. २३८ धावांना ८२६ हे उत्तर सामना जिंकण्यासाठी आवश्यक नव्हते. दोन दिवस उन्हात चेंडूमागे धावलेल्या अकरा माणसांना एका व्यक्तीच्या संख्येसाठी आणखी धावायला लावणे, हे सौजन्याच्या कोणत्या कलमात बसते, हा प्रश्न महाराष्ट्राने स्वतःला फारसा विचारला नाही. संस्थानिकाचा अहंकार सहज दिसतो. विजेत्याची आकडेनिष्ठा सद्गुणाचा वेष घेऊन येते म्हणून दिसत नाही. तरीही तराजूत दोन्ही घातले, तर पारडे निंबाळकरांकडेच झुकते. दमणूक एका रात्रीत ओसरते, हुकलेल्या नऊ धावा जन्मभर हुकलेल्याच राहतात. त्यांना अधिकृत कसोटी सामना एकदाही खेळायला मिळाला नाही. ब्रॅडमनने पत्र लिहून त्यांच्या खेळीची प्रशंसा केली, ही आठवण ते जपत. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये भारतीयाने केलेली सर्वोच्च धावसंख्या आजही त्यांचीच आहे.

ब्रॅडमनचा जो विक्रम काठियावाडच्या संघाने आपल्यादेखत मोडू दिला नाही, तो दहाच वर्षांनी काठियावाडच्याच मातीत जन्मलेल्या मुलाने मोडला. जुनागढचा हनीफ मोहम्मद फाळणीनंतर कराचीला गेला आणि जानेवारी १९५९ मध्ये बहावलपूरविरुद्ध ४९९ वर धावचीत झाला. फलकावर त्या वेळी आकडा कमी दिसत होता. आपल्या ४९६ झाल्या आहेत या समजुतीने तो धोक्याची धाव घ्यायला गेला, आणि परतताना त्याला कळले की पाचशेला एकच कमी होती. फलक लिहिणाऱ्याची ती दिरंगाई हा वहीच्या इतिहासातला सर्वांत महागडा प्रमाद ठरावा. १९९४ मध्ये लाराने नाबाद ५०१ करून तो मान पुढे नेला. चौदा वर्षांनी मोहालीत मागे पडला तो हाच लारा, वेगळ्या यादीत.

मोहालीच्या मैदानावर मार्च २०२२ मध्ये भारत आणि श्रीलंका यांच्यात कसोटी झाली. विराट कोहलीची ती शंभरावी. आधी प्रेक्षकांना प्रवेश नाही असे जाहीर झाले होते. शंभर हा आकडा रिकाम्या सज्जांसमोर साजरा कसा करायचा, अशी ओरड झाली आणि निम्मे सज्जे उघडण्यात आले. कोहलीने ४५ धावा केल्या व त्याच डावात आठ हजारांचा टप्पा ओलांडला. दुसऱ्या दिवशी मात्र सामना जामनगरकडच्या रवींद्र जडेजाचा झाला. सातव्या क्रमांकावर खेळताना त्याने कपिल देवच्या १६३ धावांना मागे टाकले. १९८६ मध्ये कानपूरला श्रीलंकेविरुद्धच काढलेल्या त्या धावा सातव्या क्रमांकावरील भारतीयाची सर्वोच्च खेळी होती. कपिलच्या गावाला लागून असलेल्या मैदानावर कपिलचा आकडा मोडला गेला, आणि टाळ्या वाजल्या. जडेजा १७५ वर नाबाद असताना कर्णधार रोहित शर्माने ८ बाद ५७४ वर डाव घोषित केला. रोहितचा जन्म नागपूरचा. काठियावाडचा फलंदाज आणि महाराष्ट्रात जन्मलेला कर्णधार. द्विशतकाला पंचवीस धावा कमी. मार्च २००४ मध्ये मुलतानला तेंडुलकर १९४ वर नाबाद असताना राहुल द्रविडने डाव घोषित केला होता, त्या जुन्या वादाची आठवण लगेच काढली गेली. संध्याकाळी जडेजाने सांगितले की डाव थांबवण्याचा निरोप त्यानेच पाठवला होता: खेळपट्टीवर चेंडू खालीवर होऊ लागला होता आणि श्रीलंकेचे खेळाडू दमले होते. मग त्याने स्वतः चेंडू हातात घेतला आणि पहिल्या डावात ४१ धावांत ५ गडी बाद केले. भारत एक डाव २२२ धावांनी जिंकला. धावफलकावर त्याच्या नावापुढे १७५ आणि त्यापुढे नाबादची छोटी खूण राहिली. टनब्रिज वेल्सच्या फलकावर कपिलच्या नावापुढेही हाच आकडा आणि हीच खूण आहे.